पहिलाच कुत्रा, तोही राखणीचा?

ऑक्टोबर २०२२मध्ये काश्मीरच्या अनंतनाग जिल्ह्यात दहशतवादी दडलेल्या घरात लष्कराने ‘झूम’ या कुत्र्याला सोडले. दोन गोळ्या लागूनही त्याने काम सोडले नाही. काही दिवसांतच श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला. त्याच वर्षी जुलैमध्ये बारामुल्लात ‘ॲक्सेल’ गेला होता, तर ऑक्टोबर २०२४मध्ये अखनूर भागात ‘फँटम’ कामी आला. हे तिघेही बेल्जियन मॅलिनॉइस. २०११मध्ये ओसामा बिन लादेनच्या घरावर उतरलेल्या अमेरिकी तुकडीतला ‘कैरो’ आणि २०१९मध्ये ‘इस्लामिक स्टेट’चा म्होरक्या बगदादी याचा पाठलाग करणारा ‘कोनान’ हेही याच जातीचे. त्याच २०१९मध्ये ‘जॉन विक’च्या तिसऱ्या भागात हॅले बेरीच्या इशाऱ्यावर मॅलिनॉइस माणसांवर झेपावले आणि जगभरच्या तरुणांनी ते दृश्य फोनवर पुन्हा पुन्हा पाहिले.

बातमी आणि सिनेमा यांच्या मधल्या जागेत एक इच्छा रुजते. असा कुत्रा आपल्याकडेही असावा, तो आपला एकट्याचा असावा आणि आपणच त्याला तयार करावे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटपासून मुळशी-कर्जतच्या फार्महाउसपर्यंत ही इच्छा बाळगणारे लोक सापडतात. यातल्या अनेकांनी याआधी कुत्रा पाळलेला नसतो, पाळला असला तर एखादा लॅब्रेडॉर किंवा पॉमेरेनियन. अशा नवख्या माणसाने जोरकस स्वभावाचा राखणीचा कुत्रा स्वतः शिकवायला घ्यावा का, यावर कुत्र्यांच्या जगात दोन तट आहेत. एक तट ‘मुळीच नको’ म्हणतो. दुसरा म्हणतो, की सगळेच कधीतरी नवखे होते. दोघांच्याही पदरात पुरावे आहेत. मात्र ते बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

एक प्रश्न असा कुत्रा सांभाळण्याचा. दुसरा त्याच्याबरोबर संरक्षणाचा खेळ खेळण्याचा. तिसरा घर आणि माणसे राखण्यासाठी त्याला खऱ्या माणसावर जायला शिकवण्याचा. तिन्हींना लागणारे कौशल्य वेगळे आहे आणि चूक झाली तर मोजावी लागणारी किंमतही वेगळी आहे.

आधी स्वभावाचे पाहू. या व्यवसायातले लोक ज्याला ‘ड्राइव्ह’ म्हणतात, तो राग नव्हे. हलणाऱ्या वस्तूमागे सुटण्याची, ती तोंडात धरण्याची आणि सुटू न देण्याची ती ओढ आहे. मॅलिनॉइस आणि जर्मन शेफर्ड मूळचे मेंढ्या वळणारे कुत्रे. कळपाच्या हालचालीवर डोळा ठेवायचा, फुटलेल्या मेंढीला वळवायचे, गरज पडली तर तोंडाने धरायचे, हे त्यांच्या पूर्वजांचे काम होते. वळायला मेंढ्या नसल्या की तीच ओढ सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळणाऱ्या मुलांमागे, स्कूटरवरून येणाऱ्या डिलिव्हरीवाल्यामागे आणि सकाळी पळायला निघालेल्या शेजाऱ्यामागे धावते. कुत्र्याच्या लेखी तो खेळ असतो, पण पोटरीला दात लागलेल्या माणसाच्या लेखी नसतो.

ओढीइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे मनाचा घट्टपणा. ढोल-ताशा, फटाके, लिफ्टचे बंद दार, छत्री उघडणारा अनोळखी माणूस, यांनी कुत्रा किती बिथरतो आणि बिथरला तर किती लवकर सावरतो? ओढ भरपूर पण मन कच्चे, अशी जोडी सर्वांत धोकादायक. दुर्दैवाने पिल्लू विकत घेताना नवख्याला ओढ दिसते, मनाचा कच्चेपणा दिसत नाही. चिंधीला लटकणारे पिल्लू पाहून तो हरखतो. तेच पिल्लू पत्र्याचा डबा पडल्यावर कोपऱ्यात किती वेळ बसून राहते, हे पाहायचे त्याला सुचत नाही.

जातीच्या नावावर विसंबूनही भागत नाही. २०२२मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा जनुकीय नकाशा तपासला होता. एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे का, याचे उत्तर जातीतून जेमतेम नऊ टक्के मिळते, असे त्यात आढळले. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो. मॅलिनॉइस आणला म्हणून लढवय्या मिळेलच असे नाही आणि मिळाला तर तो आपल्याला झेपेल असा असेलच असेही नाही. सुरक्षा दलांसाठी तयार होणारे सगळे कुत्रेसुद्धा कामाला उतरत नाहीत.

संरक्षणाचे प्रशिक्षण नसलेला, पण दमदार कुत्रा चांगल्या घरातही किती अवघड होऊ शकतो, याचे जगजाहीर उदाहरण व्हाइट हाउसमधले आहे. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचा ‘कमांडर’ हा जर्मन शेफर्ड पिल्लू असताना तिथे आला. ऑक्टोबर २०२२ ते जुलै २०२३ या काळात त्याने सीक्रेट सर्व्हिसच्या माणसांना चावल्याच्या किमान २४ घटना पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांत नोंदलेल्या आहेत. अखेर त्याला तिथून हलवावे लागले. जागा, पैसा, पशुवैद्य, प्रशिक्षक यांची तिथे वानवा नव्हती. पण येणारी-जाणारी माणसे सतत बदलत होती आणि घरातला कोणीही पूर्ण वेळ कुत्र्याचा नव्हता. मोठ्या सोसायटीतल्या फ्लॅटची स्थिती याहून फार निराळी नसते.

आता खेळाकडे वळू. जर्मन शेफर्डचा आद्य पुरस्कर्ता माक्स फॉन श्टेफानित्स याने १८९९मध्ये या जातीचा संघ स्थापन केला. कुत्रा दिसायला देखणा असून चालणार नाही, कामात उतरला पाहिजे, या आग्रहातून ‘शुट्झहुंड’ ही परीक्षा आकाराला आली. आज ती ‘आयजीपी’ नावाने चालते. तिचे तीन भाग असतात: माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येक भागाला १०० गुण. त्याआधी ‘बीएच’ ही वेगळी पायरी ओलांडावी लागते आणि तीत चावण्याचा संबंधच येत नाही. गर्दीत, सायकलींच्या आणि पळणाऱ्या माणसांच्या मधून कुत्रा शांतपणे जातो का, बांधून ठेवून मालक दिसेनासा झाला तरी नीट राहतो का, हे तीत पाहिले जाते. बीएचसाठी कुत्रा किमान १५ महिन्यांचा आणि आयजीपीच्या पहिल्या पातळीसाठी १८ महिन्यांचा असावा लागतो.

संरक्षणाच्या भागाची रचना नीट पाहिली, तर या विद्येचा रोख कळतो. मैदानात आडोसे उभारलेले असतात आणि एकामागे हल्लेखोराची भूमिका करणारा ‘हेल्पर’ लपलेला असतो. कुत्र्याने त्याला शोधायचे, पण तो स्थिर उभा असेल तर त्याला न शिवता समोर राहून भुंकत ठेवायचे. पळाला किंवा अंगावर आला, तरच धरायचे, तेही हातावरच्या जाड बाहीला. आणि ‘आउस’ म्हटल्याबरोबर सोडायचे. पहिल्या आज्ञेनंतर आणखी दोनदा सांगूनही कुत्र्याने सोडले नाही, तर तो बाद होतो, मग त्याची पकड कितीही देखणी असो. म्हणजे परीक्षकाची खरी नजर दातांवर नसून ते सुटण्यावर असते. इन्स्टाग्रामवरच्या चित्रफितींत नेमका हाच भाग कापलेला असतो.

या साऱ्यात मालकापेक्षाही मोठी भूमिका हेल्परची. कुत्र्याला कधी जिंकू द्यायचे, कधी दबाव टाकायचा, कधी मागे सरायचे, हे तो ठरवतो. बाही कधी सोडायची, यातल्या अर्ध्या सेकंदाच्या चुकीने कुत्रा भलताच धडा शिकतो. चिंधी-बाहीचा खेळ म्हणून धरणारा कुत्रा आणि जीव वाचवण्यासाठी धरणारा कुत्रा लांबून सारखेच दिसतात. जवळून पाहणाऱ्याला शेपूट, कान, पकडीची खोली आणि भुंकण्याचा सूर यांतला फरक कळतो. पहिला दातांच्या मुळापर्यंत शांतपणे धरतो. दुसरा पुढच्या दातांनी टोचतो, पकड बदलत राहतो, नजर इकडेतिकडे फिरवतो. नवखा मालक दुसऱ्याला ‘जास्त आक्रमक’ समजून खूश होतो. प्रत्यक्षात तो भेदरलेला असतो.

आपल्याकडे नेमके हेच वारंवार दिसते. पाच-सहा महिन्यांचे पिल्लू साखळीने खांबाला बांधायचे, कोणीतरी पोते अंगावर घेऊन काठी आपटत यायचे, पिल्लू भुंकले की शाबासकी द्यायची. पिल्लू शिकते ते इतकेच, की माणूस म्हणजे संकट आणि भुंकले की संकट टळते. वर्षभराने ते गॅस सिलिंडर आणणाऱ्यावर, घरी आलेल्या मामावर, मुलीच्या मैत्रिणीवर तोच धडा लावते. तोवर शिकवणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

याउलट पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत जे करायला हवे, ते अनेकदा राहून जाते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मेन राज्यातल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षे केलेले काम १९६५मध्ये पुस्तकरूपाने आले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांच्या आसपासचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीला निर्णायक असतो, हे त्यातून पक्के झाले. भारतात २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. म्हणजे मालकाच्या हाती या काळाचे चार-सहा आठवडेच उरतात आणि ते लसीकरणाचे, पार्व्हो रोगाच्या भीतीचे असतात. त्यातून मालकाची समजूत अशी, की राखणीच्या कुत्र्याला कोणी हात लावू नये. मग पिल्लू गच्चीवर एकटे वाढते. परक्याला ओळखायला आधी पुष्कळ परके पाहिलेले असावे लागतात, ही संधीच त्याला मिळत नाही.

पिल्लू मोठे होऊन ऐकेनासे झाले, की नवख्याचा हात जोरजबरदस्तीकडे वळतो. गळपट्टा खेचणे, पाठीवर पाडून दाबणे, विजेचा झटका देणारा पट्टा. ‘त्याला बॉस कोण ते कळले पाहिजे’ हे वाक्य भारतात कुत्र्यांच्या कुठल्याही मैदानावर ऐकू येते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना विचारले, की असे उपाय केल्यावर कुत्रे काय करत. मारल्यावर किंवा लाथ घातल्यावर ४३ टक्के, तर पाठीवर पाडून दाबल्यावर ३१ टक्के कुत्र्यांनी आक्रमक प्रतिसाद दिला होता. साध्या घरगुती कुत्र्याची ही कथा. ज्याला माणसाच्या अंगावर जायला शिकवले आहे, त्याच्या बाबतीत हा प्रयोग मालकाच्या स्वतःच्या हातावर होतो.

राखणीच्या कुत्र्यांवरचा पुरावा आणखी बोलका आहे. नेदरलँड्समध्ये स्किल्डर आणि व्हान डेर बोर्ग यांनी विजेच्या पट्ट्याने शिकवलेले जर्मन शेफर्ड तपासले आणि २००४मध्ये निष्कर्ष मांडले. या कुत्र्यांत प्रशिक्षणाच्या मैदानावरच नव्हे, तर बागेत फिरतानाही ताणाची लक्षणे इतरांपेक्षा जास्त दिसली. मालकाची आज्ञा आणि वेदना यांची गाठ त्यांच्या मनात बसली होती. बेल्जियमच्या लष्करातल्या कुत्रा आणि त्याला हाताळणारा हस्तक यांच्या जोड्यांवर हावरबेके आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये केलेल्या अभ्यासात ज्या जोड्यांचे काम कमी प्रतीचे, त्यांत शिक्षेचा वापर जास्त आढळला. इथे हस्तक व्यावसायिक होते, तरीही.

मग दलांमध्ये हे जमते कसे? तिथे नवखा माणूस आणि नवखा कुत्रा यांना एकत्र आणून वाऱ्यावर सोडत नाहीत. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरचे सीमा सुरक्षा दलाचे केंद्र, मेरठचे लष्कराचे केंद्र, बेंगळुरूजवळ तरळू इथली केंद्रीय राखीव पोलीस दलाची शाळा, हरियाणात भानू इथले भारत-तिबेट सीमा पोलिसांचे केंद्र, या सगळीकडे श्वान आणि श्वान हस्तक यांची जोडी काही महिने अनुभवी उस्तादांच्या नजरेखाली शिकते. तिथून बाहेर पडल्यावरही रोजचा सराव चुकत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या लॅकलंड तळावर जन्मलेली पिल्ले आधी सॅन अँटोनिओ परिसरातल्या साध्या कुटुंबांकडे काही महिने वाढायला देतात. त्या कुटुंबांचे काम चावायला शिकवण्याचे नसते. माणसे, गाड्या, जिने, दुकाने यांची सवय लावायची आणि पिल्लू परत द्यायचे. नवख्या हातांना नेमके कुठले काम झेपते, याचा अंदाज त्या व्यवस्थेने घेतलेला दिसतो.

तरीही ‘मुळीच नको’ म्हणणाऱ्यांना गप्प करणारे एक उदाहरण आहे, तेही युरोपातले. नेदरलँड्समध्ये १९०७पासून ‘केएनपीव्ही’ ही पोलिसी कुत्र्यांची संघटना आहे. तिचे सभासद मोठ्या प्रमाणावर नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी कुत्रे शिकवणारे सामान्य लोक असतात. हौस म्हणून त्यांनी तयार केलेले कुत्रे पुढे देशोदेशीच्या पोलिसांकडे जातात. या माणसांतही प्रत्येक जण कधीतरी पहिला कुत्रा घेऊन मैदानात आला होताच. मग नवख्याला जमत नाही, असे कसे म्हणायचे?

उत्तर त्या मैदानातच आहे. तिथे नवखा आला, की त्याच्याभोवती वीस-तीस वर्षे हेच करणारी दहा माणसे उभी असतात. ‘हा कुत्रा तुझ्या हातचा नाही’ असे तोंडावर सांगणारा कोणी असतो. हेल्पर तयारीचा असतो. परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो. कुत्रा नीट झाला नाही तर तो कोणाकडे द्यायचा, हेही ठरलेले असते. महाराष्ट्रात कुत्र्यांची कमतरता नाही. उत्तम वंशाची पिल्ले पैसे मोजले की मिळतात. कमतरता आहे ती या दहा माणसांची. खेळाच्या पातळीचे काम करणारे हेल्पर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि प्रशिक्षक म्हणून पाटी लावायला कुठलीही पात्रता सिद्ध करावी लागत नाही. त्यामुळे रॉटरडॅममधल्या नवख्याला जे करता येते, ते सांगलीतल्या तितक्याच हुशार आणि मेहनती नवख्याला करता येईलच असे नाही.

शिवाय कायदा मालकाकडेच बोट दाखवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१नुसार पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मुंबईत २०१०मध्ये रॉटवायलर एका वृद्ध नातेवाइकाला चावला. गिरगावच्या न्यायालयाने २०२३मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. वरळीत लिफ्टमध्ये हस्की शेजाऱ्याला चावल्याच्या २०१८च्या प्रकरणात मालकाला २०२५मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. हस्की तर राखणीचा कुत्राही नव्हे. ‘चोरावरच गेला’ हा बचावही सरधोपट चालत नाही, कारण स्वसंरक्षणाच्या हक्कात गरजेपेक्षा जास्त इजा बसत नाही आणि ती गरज किती, हे कुत्र्याला कळत नाही.

जातींवर बंदी घालून हा प्रश्न सोडवायचा प्रयत्नही झाला. मार्च २०२४मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो यांसह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखण्याचे पत्र राज्यांना पाठवले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. गंमत अशी, की त्या यादीत मॅलिनॉइस आणि जर्मन शेफर्ड नव्हतेच. साखळी कोणाच्या हातात आहे, याचा पत्रात विचार नव्हता.

इतका खटाटोप करून मालकाला खरे हवे काय असते? बहुतेकांना हवी असते शांत झोप. शार्लट इथल्या उत्तर कॅरोलिना विद्यापीठात जोसेफ कुन्स यांनी ४२२ शिक्षा झालेल्या घरफोड्यांना घर निवडताना काय पाहता, असे विचारले होते. घरात माणसे असणे, अलार्म, कॅमेरे यांच्या बरोबरीने कुत्रा असणे हे त्यांच्या उत्तरांत होते. कुत्रा परीक्षा पास झालेला असावा, अशी कोणाही चोराची अट नसते. खणखणीत आवाजाचा, परक्याची चाहूल देणारा आणि घरातल्यांच्या शब्दात असलेला कुत्रा निम्म्याहून अधिक काम भुंकण्यातच उरकतो. माळावरचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. त्यांचे कुत्रे कळपात वाढतात, लांडग्याची चाहूल लागली की रान डोक्यावर घेतात. त्यांना बाही धरायला कोणी शिकवलेले नसते.

तेव्हा आढाव्याचा सूर असा: सांभाळणे नवख्याला जमू शकते, जर त्याच्याकडे रोज दोन-तीन तास असतील, घरच्यांची तयारी असेल आणि तो मवाळ ओढीचा, घट्ट मनाचा कुत्रा निवडेल. खेळ जमू शकतो, जर आधी हेल्पर सापडला आणि मग पिल्लू आणले. उलट क्रमाने केले तर सहसा फसते. खऱ्या माणसावर जायला शिकवणे मात्र पहिल्या कुत्र्यावर, घरच्या अंगणात, एकट्याने करू नये. यावर दोन्ही तटांतले जाणते लोक एकमेकांशी फारसे भांडत नाहीत.

ज्याला तरीही या वाटेने जायचे आहे, त्याने पहिले वर्ष चावण्याविना काढावे. बोलावल्यावर येणे, जागेवर थांबणे, तोंडातली वस्तू सोडणे, लोकांत निवांत राहणे, एवढ्यानेच बीएचच्या तोडीची तयारी होते. प्रशिक्षक निवडताना त्याच्या कुत्र्याची पकड पाहण्याआधी सोडणे पाहावे. बाही डोळ्यांसमोर असताना कुत्रा एका शब्दात सोडतो का, आणि त्यानंतर त्याच्या शेजारून अनोळखी माणूस सहज चालत जाऊ शकतो का? त्या प्रशिक्षकाने तीन-चार वर्षांपूर्वी शिकवलेले कुत्रे आज कुठे आहेत, ते विचारावे आणि जमल्यास त्या घरी पाहुणा म्हणून जाऊन चहा घ्यावा. जिथे ते कुत्रे दिवसभर पिंजऱ्यात असतात किंवा पाहुणा आला की मागच्या खोलीत कोंडले जातात, त्या प्रशिक्षकाकडे पिल्लू पाठवू नये.